पाहुणीचा खाऊ

काल दिवेलागणीला समोरच्या अंगणात डबा वाजला आणि माझ्या हातातला पेपरांचा गठ्ठा खाली पडला. वाजवणारी आमची शेजारीण. तिच्याकडे भुलाबाई बसली आहे. मुलींची गाणी संपली होती आणि ती स्टीलचा डबा हलवून विचारत होती, ओळखा पाहू, आत काय? मुली ओरडत होत्या, चिवडा! शंकरपाळे! खोबऱ्याची वडी! या आवाजाला घाबरणारी सबंध वऱ्हाडात मी एकटीच असेन. पेपर गोळा करून मी दार लावून घेतलं, आणि आपण दार लावलं म्हणून स्वतःवरच चिडले.

ज्यांच्याकडे भोंडला असतो त्यांना हे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे भादव्याच्या पौर्णिमेला मातीची भुलाबाई आणि भुलोजी मांडतात ते थेट कोजागिरीपर्यंत. महिनाभर रोज संध्याकाळी मुली घरोघर जाऊन टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात. गाणी झाली की त्या घरचा खाऊ. पण तो सरळ मिळत नाही. झाकलेला डबा वाजवून दाखवायचा, वासही येऊ द्यायचा नाही, आणि मुलींनी ओळखायचा. ओळखता आला नाही तर मुली हरल्या. त्यामुळे आयाबाया इरेला पेटतात आणि कुणाच्या ध्यानीमनी नसेल असं काहीतरी करून ठेवतात. महिनाभर अख्ख्या गावाचं हेच चाललेलं असतं.

आठ वर्षांपूर्वीचा भुलाबाईचा महिना मात्र मी कुणाला सांगत नाही. खरं तर मला बोलायला बोलावतात ते त्याच्याजवळच्याच विषयावर. मी नांदुऱ्याला कॉलेजात मराठी शिकवते. एम.ए.ला असताना विद्यार्थी देवाणघेवाणीतून मी एक सत्र शिलाँगला राहून आले, म्हणून दर वर्षी मला कुठल्या तरी व्यासपीठावर बसवून मागे फलक लावतात: ‘राष्ट्रीय एकात्मता बळकट करण्यात देवाणघेवाण योजनेतील माजी विद्यार्थ्यांची भूमिका’. एवढं मोठं नाव कापडावर मावत नाही आणि ‘भूमिका’ नेहमी खाली लोंबते. मी तिथलं धुकं सांगते, तिथला तांबडा भात सांगते, शेवटी भारत एक आहे म्हणते. टाळ्या पडतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी वर्गात शिकवते तेव्हा उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही.

या वर्षी भाषणावर भागणार नाही. माझी पुतणी वैष्णवी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीनंतरच्या सत्रासाठी शिलाँगला जायला तिची निवड झाली आहे. पालकांचं संमतीपत्र सोमवारपर्यंत द्यायचं आहे. गेल्या बुधवारी माझा मोठा भाऊ, म्हणजे वैष्णवीचा बाप, ते पत्र घेऊन माझ्याकडे आला आणि त्यानं ते टेबलावर पालथं ठेवलं.

“तू जाऊन आली. तुले माहीत हाय. तू हाव म्हणशीन त हाव, नाई म्हणशीन त नाई,” दादा म्हणाला.

मी म्हटलं, चहा टाकते. चहा झाला, तो गेला, आणि ते पत्र चार दिवस तसंच पालथं पडून आहे. मला भीती वाटते. तिकडच्या लोकांची नाही, हे आधीच सांगते. मला गर्दीची भीती वाटते, आणि गर्दी कशाची बनते ते मी पाहिलेलं आहे.

शिलाँगला मी ज्या घरात राहिले ते इबानरीचं घर. इबानरी माझ्याच वयाची, लोकगीतांवर संशोधन करणारी, सडपातळ, आणि चालताना सारखी काहीतरी गुणगुणणारी. तिची आई चौकड्यांचं एक कापड खांद्यावर गाठ मारून पांघरते, तिकडच्या सगळ्याच बायका पांघरतात. एकदा आम्ही बाजारात असताना कसलीशी गडबड झाली आणि दुकानांची शटरं धडाधड पडायला लागली. तिच्या आईनं स्वतःचं ते कापड सोडलं, माझ्या खांद्यावर बांधलं आणि हाताला धरून मला गल्लीबोळांतून घरी नेलं. काय झालं होतं ते मला आजही नीट माहीत नाही. घरी आल्यावर तिनं मला भात वाढला आणि स्वतः मात्र बराच वेळ नुसती बसून राहिली.

पुढच्या वर्षी देवाणघेवाणीतलं उलटं टोक, म्हणजे इबानरी आमच्याकडे आली. पिंपळगाव राजाच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिला भुलाबाईची गाणी रेकॉर्ड करायची होती, म्हणून महिनाभर ती आमच्या घरी राहिली. आईनं तिला पहिल्या दिवशीच इबाबाई करून टाकलं. आठ दिवसांत ती भाकरी थापायला शिकली आणि पंधरा दिवसांत ‘हाव’ म्हणायला. संध्याकाळी मुलींचा घोळका निघाला की ही त्यांच्यात. एका हातात रेकॉर्डर, दुसऱ्या हातात वैष्णवीचा हात. वैष्णवी तेव्हा अकरा वर्षांची होती आणि आपल्याला शिलाँगची मावशी आहे याचा तोरा गावभर मिरवत होती.

त्याच महिन्यात तो मेसेज आला. आपल्या तालुक्यात पोरं पळवणारी टोळी शिरली आहे, टोळीत बाया आहेत, त्या लेकरांना खायला देतात आणि बेशुद्ध करून नेतात, सावध राहा, पुढे पाठवा. खाली कुणा तिऱ्हाईत बाईचा धूसर फोटो. मी तो वाचून हसले होते. मी शिकलेली, मला हसायला काय झालं! पण सोयाबीन काढायचे दिवस होते, मायबाप दिवसभर शेतात आणि लेकरं घरी एकटी. हसणं काही सगळ्यांना परवडत नव्हतं. नदीकडच्या वस्तीत लोकांनी एका कल्हईवाल्याला पिटाळून लावल्याचं ऐकलं. मग बांगड्या विकणारी बाई यायची बंद झाली. पोरींच्या घोळक्यामागे आता कुणाची तरी आजी काठी टेकत चालायला लागली.

मेसेजला आठ-नऊ दिवस झाले असतील. त्या संध्याकाळी घोळका आमच्या घरी यायचा होता. इबानरी म्हणाली, आजचा खाऊ माझा. तिनं तांदळाच्या पिठात गूळ कालवून तिच्याकडच्या पुऱ्या तळल्या. पुखलेइन म्हणतात त्यांना. आपल्या गुळाच्या पुरीची लांबची मावसबहीण समजा. तिनं डबा वाजवला, मुलींनी वीस-पंचवीस नावं घेतली आणि सगळ्या हरल्या. इबानरीला इतकं हसू आलं की ती भिंतीला टेकून खालीच बसली. मग तिनं एकेकीला डोळे मिटायला लावून घास भरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांतली एक मुलगी, सात वर्षांची परी, उलट्या करायला लागली आणि ग्लानीत पडली.

संध्याकाळी वीज नव्हती. ओट्याशी पन्नासेक माणसं येऊन उभी राहिली तेव्हा घरात आम्ही बायकाच होतो. आई, वहिनी, मी, वैष्णवी आणि इबानरी. दादा सोयाबीन घेऊन खामगावला गेला होता. माणसं येताना दिसली तशी मी इबानरीला मागच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. पहिल्या वेचणीचा कापूस त्या खोलीत टाकला होता. बहुधा माझा चेहरा पाहून तिला कळलं असावं.

गर्दी म्हटली की आपल्याला अनोळखी चेहरे आठवतात. माझ्यासमोर सगळे ओळखीचे होते. सर्वांत पुढे सुदामकाका, ज्यांच्या जीपमधून मी दहावीच्या परीक्षेला गेले होते आणि ज्यांनी पेपर संपेपर्यंत शाळेबाहेर माझी वाट पाहिली होती. त्यांच्या हातात काठी होती.

“ते बाई कुठी हाय?”

“काऊन काका? काय झालं?”

“काल डब्यात काय होतं?”

“खाऊ होता.”

“कायचा? नाव सांग.”

मी नाव सांगितलं. पुखलेइन. पन्नास माणसांसमोर हा शब्द उच्चारून पाहावा म्हणजे कळेल. मागून कुणीतरी विचारलं, काय म्हणे? मी पुन्हा सांगितलं. प्रत्येक वेळी तो शब्द जास्तच औषधासारखा वाटायला लागला. “डोळे मिटून काऊन चारलं मंग?” एक बाई म्हणाली. “पोरीईचे हात धरू धरू काऊन फिरते ते?” दुसरी म्हणाली. आपल्याच खेळाचे नियम, ज्यांत आम्ही सगळ्या वाढलो, ते त्या संध्याकाळी एकेक करून पुरावे होत गेले. आणि मी, जिनं पुढे आठ वर्षं एकात्मतेवर भाषणं दिली, म्हणाले, “ते गेली काका. सकाळच्या गाडीनं गेली.”

“आत्या, खोटं काऊन बोलून राह्यली?” वैष्णवी माझ्या कुशीतूनच म्हणाली. “इबामावशी कापसाच्या खोलीत हाय ना. तूच त कडी लावली.”

त्यानंतरचे क्षण मला अजून स्वप्नात येतात. कुणी ओरडलं नाही. सगळे एक पाऊल पुढे आले. लपवली म्हणजे काहीतरी आहेच, हे त्यांच्या चेहऱ्यांवर मला वाचता येत होतं, आणि ते तिथं मी लिहिलं होतं.

आई उठली. मला वाटलं ती हात जोडेल. ती स्वयंपाकघरात गेली आणि तो डबा घेऊन आली. तळाशी तीन पुऱ्या उरल्या होत्या. तिनं एक काढली, सगळ्यांना दाखवली आणि वैष्णवीला म्हणाली, “आ कर.” वैष्णवीनं खाल्ली. दुसरी तिनं स्वतः खाल्ली.

“आता बसा,” आई म्हणाली. “माह्यी नात हाय. आपल्या नातीले कोनी जहर चारत नाई. पायजे तेवढं बसा, पोरीले पाहा.”

आणि ते खरंच बसले. अर्धा तास पाहू, असं ठरलं. पन्नास माणसं आमच्या अंगणात बसून अकरा वर्षांची एक मुलगी गुंगते की काय ते बघत राहिली. कंदील तिच्या तोंडासमोर ठेवला. वहिनी भिंतीला पाठ लावून उभी होती. आता मी जे लिहिणार आहे ते कुठल्याच व्यासपीठावर बोलले नाही. त्या पुऱ्यांचं पीठ मी स्वतः चाळून दिलं होतं. गूळ आमच्याच डब्यातला. तळताना मी चुलीशी बसले होते. आणि तरी, आईनं पोरीच्या तोंडात घास घातला तेव्हा माझ्या मनात आलं, की आत खरंच काही नसेल ना? एकच क्षण. पण तो होता. गर्दी ओट्याच्या खाली होती असं मी म्हणते ते खोटं आहे, तिचा एक पाय माझ्या आतही होता.

वैष्णवीला आधी मोठी मजा वाटली. मग दिवसभर हुंदडलेली ती पोरगी जांभई द्यायला लागली. पहिली जांभई आली तशी गर्दीत कुजबुज झाली. मी तिला चिमटा काढला. दुसरी आली. सुदामकाका उठून उभे राहिले.

“गानं म्हन वं,” आई तिला म्हणाली. “झोपू नको. भुलाबाईचं म्हन.”

ती म्हणायला लागली. एक झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला आयांच्या पदराआडून दोन-तीन पोरींनी सूर धरला, कारण गाणं सुरू झालं की त्यांना गप्प बसवत नाही. त्यांच्या आयांनी त्यांना दटावलं, मग दटावणं सोडलं. काठ्या मांडीवर घेऊन माणसं भुलाबाईची गाणी ऐकत बसली होती, आणि ज्या बाईनं ती गाणी लिहून घेण्यासाठी दीड हजार मैल प्रवास केला ती दहा हातांवर कडीच्या आत कापसात बसली होती.

मग गावात औषधपाणी बघणारी आशाताई परीच्या घरून आली. पोरीला आदल्या सकाळपासूनच ताप होता, शेतातल्या टाकीचं पाणी प्यायली होती, मीठ-साखरेचं पाणी दिलं, आता डोळे उघडून खाऊ मागते आहे, असं तिनं सांगितलं. माणसं एकेक करून उठली. माफी कुणी मागितली नाही, तशी रीत नाही. सुदामकाका जाता जाता म्हणाले, “पानी दे वं पोरी.” मी दिलं. त्यांनी पेला उपडा करून ओट्यावर ठेवला.

कडी मी काढली. इबानरीच्या केसांत, पापण्यांवर कापूस होता. ती म्हणाली, तिसऱ्या गाण्यात वैष्णवीनं एक ओळ गाळली. एवढंच. रात्री दादा आला, त्याला सगळं कळलं, आणि आई झोपल्यावर तो मला म्हणाला, “तो मेसेज म्या बी पाठवला होता. घरच्या ग्रुपात, गावच्या ग्रुपात, सगळीकडं. पोरगी हाय ना घरात. भेव वाटला.” हसून सोडून देणारी मी आणि भिऊन पुढे पाठवणारा तो, आमच्यात फार अंतर नव्हतं.

कोजागिरी बघायला इबानरी थांबली नाही. नांदुऱ्याच्या स्टेशनला जायला त्या दिवशी गाडी एकच होती, सुदामकाकांची. त्यांनी तिची बॅग उचलून टपावर बांधली. मी तिच्याशेजारी बसून आरशात त्यांचे डोळे बघत होते आणि प्रत्येक वळणावर घाबरत होते.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा राक्षस आठ वर्षं माझ्यामागे आहे, फक्त आता त्यानं दिशा बदलली आहे. वैष्णवी धीट आहे, कुणालाही काहीही विचारते, कुणाच्याही लेकराला उचलून घेते. तिथल्या कुठल्याशा गल्लीत तिनं कुणाच्या लेकराला चॉकलेट दिलं तर? नेमका तेव्हाच तिकडेही एखादा मेसेज फिरत असला तर? तिथेही कुणीतरी परीक्षेला सोडणारा काका असेलच. मग मला त्या शटरं पडलेल्या बाजाराची आठवण येते. पण माझ्या खांद्यावर कापड बांधणारी ती एकच बाई होती, आणि बाजार भरलेला होता. हा हिशोब मी चार दिवस मांडते आहे आणि तो सुटत नाही.

आज रविवार. दुपारी दादा आणि वैष्णवी आले. वैष्णवीनं बॅगांची यादीच करून आणली होती. दादानं टेबलावरचं पत्र पाहिलं. ते त्यानं ठेवलं तसंच पालथं होतं.

“काय ठरवलं मंग?” तो म्हणाला. “काई होनार नाई ना तिले?”

हो म्हणणं सोपं होतं. एकदा घाबरून मी पन्नास जणांसमोर खोटं बोलले होते.

“मले सांगता येत नाई, दादा,” मी म्हटलं. “मले भेव वाटते.”

त्यानं वैष्णवीच्या हातातली यादी पाहिली. मग म्हणाला, “इबाबाईले फोन लाव. मले बोलायचं हाय.” आठ वर्षांत तो तिच्याशी एकदाही बोलला नव्हता. तिचा फोन आला की उठून गोठ्याकडे जायचा. इबानरी आता तिकडच्या कॉलेजात शिकवते, वैष्णवी जाईल त्याच कॉलेजात. मी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. ती हिंदीत बोलते, मी इथं आपल्या भाषेत लिहिते आहे.

दादानं खुशाली विचारली नाही. “ताई,” तो म्हणाला, “तो मेसेज आला होता ना, पोरं पळवनाऱ्या बायांचा. तो मी पाठवला होता. माह्या हातानं.”

“मला माहीत आहे, दादा,” ती म्हणाली. “घरच्या ग्रुपमध्ये मीही होते ना. आल्या दिवशीच वैष्णवीनं मला त्यात घातलं होतं. वाचता येतं मला.”

दादा खुर्चीवर बसला. मी फोनच्या जवळ जाऊन विचारलं, “मग तू काही बोलली का नाहीस? आणि वाचलेलं असताना तो खाऊ का केलास?”

“अगं, ते अनोळखी बायांबद्दल होतं. मी तर घरात राहत होते,” ती म्हणाली. “दादांचा मेसेज वाचून मला भीती वाटली होती. म्हणून तर त्या दिवसापासून मी संध्याकाळी वैष्णवीचा हात सोडत नव्हते. दादा दिवसभर शेतात, कुणी पळवलं पोरीला तर?”

बाहेर गल्लीत मुलींचा घोळका जमायला लागला होता. वैष्णवी दारात उभी राहून आम्हा तिघांकडे बघत होती. दादानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

“अजून भीती वाटते का तुमाले?” त्यानं फोनला विचारलं.

“वाटते,” इबानरी म्हणाली. “पाठवा तिला.”

दादानं संमतीपत्र सुलटं केलं आणि माझ्याकडे पेन मागितलं. कागदाऐवजी दारातल्या वैष्णवीकडे बघत त्यानं सही केली आणि ती रेघ सोडून खाली गेली. कॉलेजात ती चालेल की नाही, याची आता मला नवी धास्ती लागली आहे.